चौथा ऑक्सिजन सेन्सर टाकण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात धायरीला राहता. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षांपूर्वी तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. गेल्या १४ महिन्यांत कॅट-कॉनच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) तीनदा बदलून झाला. पहिल्या दोन्ही वेळेला स्कॅनरवर पी-०१३५ हा बिघाडाचा कोड आला, तिसऱ्या वेळेला पी-०१३१ आणि जोडीला पी-०१७१, आणि आता पुन्हा पी-०१३५. मधल्या काळात टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून, ऑइल झिरपत होतं म्हणून पॅकिंग बदललं. गॅरेजवाले म्हणतात, माल लोकल निघाला, या वेळी महागातला टाकू. तुम्ही विचारलंय की कोणत्या कंपनीचा सेन्सर टाकला तर टिकेल.

कंपनीचा मुद्दा अगदीच गौण नाही, पण तो शेवटी येतो. चार वायरींचा हीटरवाला सेन्सर धडधाकट गाडीत लाख-दीड लाख किलोमीटर सहज चालतो. तो चार-पाच महिन्यांत जात असेल, आणि असं लागोपाठ तीनदा झालं असेल, तर गाडीतलं काहीतरी त्याला मारतंय. ते न शोधता नवा टाकला तर पैसे जातीलच, शिवाय सेन्सर चुकीचं सांगत असताना गाडी हजारो किलोमीटर चालली तर कॅट-कॉनही जाईल. त्याच्या खर्चापुढे हे तीन सेन्सर काहीच नाहीत.

तुमच्या कोडमध्येच एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. पी-०१३५ हा सेन्सरच्या हीटरचा कोड आहे. पी-०१३१ हा सिग्नलचा, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज सतत खाली राहिल्याचा. पी-०१७१ म्हणजे ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) मते मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, आणि पेट्रोल वाढवून वाढवून त्याची मर्यादा संपली. हे तिन्ही ‘ऑक्सिजन सेन्सरचे कोड’ म्हणून एकाच पोत्यात भरले की गोंधळ होतो. हीटर आणि सिग्नल एकाच धातूच्या नळीत राहतात, पण त्यांची दुखणी वेगळी. तुमच्याकडे चारपैकी तीन वेळा हीटर गेलाय, म्हणून पहिला संशय वायरिंगवर. तिसऱ्या वेळेचं प्रकरण कदाचित वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

हीटर लागतो कशाला, ते आधी सांगतो. सेन्सरच्या टोकाला झिरकोनियाचं सिरॅमिक असतं. त्याच्या एका बाजूला सायलेन्सरमधला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे त्यात व्होल्टेज तयार होतं: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१-०.२, आणि ०.४५ ही मधली रेषा. पण हे सगळं ३००-३५० अंशांच्या वर. थंड सिरॅमिक मुकं असतं. गाडी सुरू झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात सेन्सर कामाला लागावा म्हणून आत हीटर दिलेला असतो. त्याच्या एका वायरीला रिले आणि फ्यूजमधून बॅटरीचा प्लस येतो आणि दुसरी वायर ईसीयू अर्थ करतो, नव्या गाड्यांत तर तुकड्यातुकड्याने, गरजेपुरती. त्यामुळे हीटरचा कोड आला की पाच जागा संशयित होतात: फ्यूज-रिले, प्लसची वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), ईसीयूकडे जाणारी वायर आणि खुद्द हीटर. आपल्याकडे बहुतेक वेळा पाचवी जागा बदलली जाते आणि पहिल्या चार तशाच राहतात.

आता हातात मल्टिमीटर घ्या. काढलेले दोन सेन्सर तुमच्याकडे पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते फार बरं झालं. टाकून देऊ नका. बहुतेक चार वायरींच्या सेन्सरला एकाच रंगाच्या दोन वायरी असतात, बऱ्याचदा पांढऱ्या किंवा काळ्या. त्या हीटरच्या. सेन्सर थंड असताना त्यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. गाडीप्रमाणे आकडा बदलतो, ढोबळमानाने ३ ते १५ ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट तुटलेलं असेल, तर हीटर खरोखर जळलाय. पण आकडा व्यवस्थित आला तर गोष्ट पूर्ण बदलते: तो सेन्सर गेलाच नव्हता, चांगला सेन्सर काढून नवा टाकला गेला. पी-०१३५ वर काढलेल्या सेन्सरांत असे निर्दोष बरेच निघतात. नवा टाकताना कपलर काढून-घालून पिना घासल्या जातात, कॉन्टॅक्ट तात्पुरता सुधारतो, लाईट विझते, सगळ्यांना वाटतं काम झालं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

त्याच मीटरने आणखी एक मोजा: हीटरची एक वायर आणि सेन्सरची धातूची बॉडी. इथे काहीही दाखवता कामा नये. थोडाही रेझिस्टन्स दिसला तर आतलं सिरॅमिक तडकून हीटर बॉडीला लागलाय.

मग गाडीच्या बाजूचं कपलर. इथे एक चूक सर्रास होते. कपलर काढतात, मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय ओके’ म्हणून पुढे जातात. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी तो १२ व्होल्टच दाखवणार. हीटरला एक-दोन अँपिअर लागतात, तेवढा भार टाकल्याशिवाय वायरीची खरी ताकद कळत नाही. त्यासाठी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. त्याचं एक टोक कपलरमधल्या प्लसच्या पिनेला, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. काही गाड्यांत हा प्लस इंजिन चालू झाल्यावरच येतो, तेव्हा इंजिन चालू ठेवून बघा. बल्ब एरवीसारखा लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला किंवा हार्नेस (वायरींची जुडी) हलवल्यावर फडफडला तर तुमचा चोर सापडला. बल्ब पेटलेला असतानाच त्या पिनेवरचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडून बघा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर रिलेपासून कपलरपर्यंत कुठेतरी गंज किंवा सैल पिन आहे.

हा २१ वॅटचा बल्ब ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीवर मात्र लावू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी इतका करंट ओढतो की ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. तिथे ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब. त्याचं एक टोक प्लसच्या पिनेला, दुसरं ईसीयूच्या पिनेला, म्हणजे हीटरच्या जागी बल्ब. इंजिन चालू केल्यावर तो पेटला किंवा थरथरत पेटला तर ईसीयू आपलं काम करतोय. अजिबात पेटला नाही तर ती वायर तुटलीय किंवा ईसीयूच्या आत बिघाड आहे. ईसीयूला दोष देण्याआधी वायर टोकापासून टोकापर्यंत तपासा. आणि किल्ली नुसती ऑन केली, इंजिन बंद, तरी बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहिला, तर ईसीयूचं कपलर काढून पुन्हा बघा. तरीही पेटलेलाच असेल तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय. हा प्रकार नीट समजून घ्या, कारण नवा सेन्सर पुन्हापुन्हा मारणारं हे खास कारण आहे. ईसीयूचा ताबा सुटल्यामुळे हीटर पहिल्या सेकंदापासून पूर्ण ताकदीने तापतो. सकाळी सायलेन्सरमध्ये पाण्याचे थेंब असतात, ते लाल झालेल्या सिरॅमिकवर पडले की ते तडकतं. पुढे हायवेवर धूर आधीच कडक गरम, त्यात हीटर चालूच, म्हणजे तो जळून जाण्याची सोय झाली.

वायर सोलते कुठे? दोन जागा आधी बघा. एक, मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) हीट शील्डजवळ, जिथे वायर क्लिपमधून निसटून पत्र्याला टेकते. सेन्सर बदलताना क्लिप तुटते आणि कोणी परत बसवत नाही. दुसरी जागा उंदरांची. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॉनेटखाली उंदीर कोरड्या जागेसाठी येतात आणि हार्नेस कुरतडतात. वरून टेप गुंडाळलेली दिसली तर ती सोडवून आत बघा.

सीएनजी किटबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीय, पण माझं लक्ष तिथेच जास्त आहे. बाहेरून बसवलेल्या किटच्या ईसीयूला ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल लागतो, म्हणून फिटर सेन्सरच्या सिग्नल वायरीला टॅप मारतो. किटकडून येणारी ही वायर बऱ्याच किटांत जांभळी असते. हे टॅपिंग इन्सुलेशन सोलून, पीळ देऊन, काळी टेप गुंडाळून केलेलं असतं. चार वर्षांच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो, तांबं हिरवं पडतं, आणि ०.१ ते ०.९ व्होल्टच्या नाजूक सिग्नलला तेवढंही फार होतं. जुन्या पद्धतीच्या काही किटांत तर सेन्सरची वायर कापून मध्ये इम्युलेटर घातलेला असतो. सीएनजीवर असताना तो ईसीयूला खोटा सिग्नल देतो. त्याच्या आतला रिले चिकटला की पेट्रोलवरही खोटाच सिग्नल जात राहतो.

त्याहून वाईट एक शॉर्टकट असतो. किटला किल्लीवर येणारा प्लस हवा असतो. फिटरला इंजिनजवळ सगळ्यात सोपा सापडतो तो इंजेक्टरचा किंवा याच सेन्सरच्या हीटरचा प्लस. तिथून किटच्या सोलेनॉइडला (गॅस सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) सप्लाय दिला की एका बारीक वायरीवर दोघांचा भार पडतो, फ्यूज किंवा पिन तापत राहते. हीटरच्या प्लस वायरीला बाहेरची जोडणी आहे का, हे हार्नेसवरचं आवरण काढून डोळ्यांनी बघा. असेल तर किटला स्वतंत्र फ्यूजची वायर ओढा आणि हीटरची मूळ वायर जशी होती तशी करा. हे काम रस्त्यावर उभं राहून करायचं नाही. सीएनजीची बाटली आणि पाइप यांना हात न लावता फक्त वायरिंग, आणि तेही अधिकृत सीएनजी फिटरकडून.

सीएनजीचा आणखी एक परिणाम आहे, तो वायरिंगचा नाही, पाण्याचा आहे. १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. १ किलो पेट्रोलमधून साधारण १.३ ते १.४ किलो. छोटी गाडी किलोला २५ किलोमीटर जाते असं धरलं, तर धायरीहून सिंहगड रोडवर तीन किलोमीटरवरच्या दुकानात जाऊन येण्यात सायलेन्सरमधून अर्धा लिटरभर पाणी वाफ होऊन जातं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले तर ते बाहेर पडतं. पण सगळ्याच फेऱ्या छोट्या असतील तर त्यातलं बरंचसं आतच पुन्हा पाणी होऊन साचतं. मॅनिफोल्डवरचा सेन्सर लवकर तापतो म्हणून त्याला त्रास कमी, खाली पाइपावर असलेल्या सेन्सरला जास्त. तुमच्या गाडीत पुढचा सेन्सर नक्की कुठे आहे ते बघा. खाली असेल तर पावसाळ्याचाही विचार करा. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर भिडे पुलाच्या आसपास, किंवा जोराच्या पावसात रस्त्यावर फूटभर पाणी साचलं असताना तापलेली गाडी त्यातून नेली, तर ३५० अंशांवरचा सेन्सर एका क्षणात गार पाण्यात बुडतो. सिरॅमिकला हे सोसत नाही. पहिला सेन्सर कोणत्या महिन्यात गेला ते आठवून बघा. आणि खालच्या सेन्सरच्या धातूच्या टोपणावर चेप आहे का, तेही बघा. आपल्या सोसायट्यांमधले उंच स्पीड ब्रेकर त्याला ठोकरून जातात.

इथपर्यंत झालं ते हीटरचं. आता तिसऱ्या वेळेच्या पी-०१३१ आणि पी-०१७१ कडे. सिग्नल खाली राहिला म्हणजे सेन्सर ‘लीन, लीन’ ओरडत होता. प्रश्न एवढाच, की तो खरं सांगत होता की खोटं?

हे ठरवायला एक सोपा मार्ग आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. पीयूसी सेंटर. २०१४ ची तुमची गाडी बीएस-४ आहे, कारण पुण्यात ती मानकं २०१० पासून आहेत. अशा पेट्रोल गाडीची तपासणी चार गॅसच्या मशिनवर होते आणि वाढवलेल्या आरपीएमवर, २,५०० च्या आसपास, लॅम्डाही मोजला जातो. लॅम्डा म्हणजे मिश्रणातल्या हवेचं प्रमाण: १ म्हणजे नेमकं, त्याखाली रिच, त्यावर लीन. तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा, आणि आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.३ टक्क्याच्या आत. इंजिन पूर्ण तापवून जा आणि ते दोन आकडे लिहून आणा. आता ताडा. गाडीचा सेन्सर लीन म्हणतोय, पण मशिनवर लॅम्डा ०.९५ आणि सीओ चढा असेल, तर सेन्सर खोटं सांगतोय आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओततोय. मशिनवरही लॅम्डा १.०५ असेल तर इंजिन खरोखर लीन चाललंय आणि सेन्सर बिचारा बरोबर होता. फक्त आधी सायलेन्सरला भोक किंवा सैल जोड नाही ना ते बघा, नाहीतर बाहेरची हवा आत जाऊन मशिनचा आकडाही फसवा येतो.

सेन्सर खोटं बोलण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून गळती. धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं टिकटिक आवाज येतो का ऐका, आणि जोडाजवळ काजळीची काळी रेघ दिसते का बघा. इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने सायलेन्सरच्या टोकातून हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतात. दुसरं, मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण न पेटणं. न जळलेलं पेट्रोल सेन्सरला दिसत नाही, न वापरलेला ऑक्सिजन मात्र दिसतो. सीएनजीला ठिणगी जास्त ताकदीची लागते, म्हणून जुने प्लग किंवा कमजोर कॉइल सीएनजीवर आधी उघडे पडतात. तिसरं, सिग्नलची वायर बॉडीला लागलेली. सेन्सरचं कपलर काढून स्कॅनर बघा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू मोकळ्या वायरीवर ०.४५ च्या आसपास व्होल्टेज ठेवतो. अशा गाडीत कपलर काढूनही ०.०० दिसत असेल तर सेन्सरचा दोष नाही, वायर शॉर्ट आहे. इथे पुन्हा ती जांभळी वायर आठवा.

चौथं कारण फार थोड्यांना माहीत असतं. बाहेरची हवा सेन्सरच्या आत जाते ती कुठून? बऱ्याच सेन्सरांत वायरीच्या तारांमधल्या फटींतून आणि कपलरमधून. म्हणून सेन्सरच्या वायरीला सोल्डर करायचं नाही, जोडायचीच असेल तर क्रिंप करायची (धातूच्या नळीत दाबून बसवायची). कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही, गंज काढायचा स्प्रेही मारायचा नाही. फटी बंद झाल्या किंवा तिथून तेलाची वाफ आत गेली की तुलनेची हवाच बिघडते आणि व्होल्टेज खाली सरकतं. मूळ कपलर कापून ‘युनिव्हर्सल’ सेन्सरला सोल्डर करून लावायची पद्धत नेमकी इथे घात करते. तुमचा तिसरा सेन्सर असा लावला होता का ते बघा.

आता टॅपेट कव्हर. कव्हर लावताना रबर पॅकिंगबरोबर सिलिकॉन सीलंट लावलं होतं का, आणि कोणतं, हे गॅरेजमध्ये विचारा. साध्या सिलिकॉनमधून सुरुवातीचे काही दिवस वाफा निघतात. त्या ब्रीदरच्या (इंजिनातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, तिथून सिलिंडरमध्ये जातात आणि जळून त्यांची सिलिका होते, म्हणजे बारीक काच. ती सेन्सरच्या सच्छिद्र थरावर बसते आणि सेन्सर आधी मंद होतो, मग एका जागी थांबतो. सीलंटच्या ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ असं छापलेलं असतं, तेच वापरायचं. थ्रॉटल किंवा एअर फिल्टरच्या डब्याजवळ सिलिकॉन स्प्रे मारणं, बॉनेटखाली चकचकीत पॉलिश मारणं, याचाही परिणाम तोच.

हे ओळखायचं कसं? घरी पडलेल्या सेन्सरचं टोक उन्हात धरून बघा. धातूच्या टोपणाच्या चिरांमधून आत भिंग घेऊन बघता आलं तर उत्तम. फिकट राखाडी-तपकिरी, कोरडं, मॅट टोक नैसर्गिक आहे. सुकी काळी काजळी म्हणजे गाडी रिच चालत होती. कारण दूर केलं तर ती हायवेवर जळूनही जाते. पिठासारखी पांढरी पूड म्हणजे सिलिकॉन. पांढरट-हिरवट, दाणेदार थर म्हणजे कूलंट ज्वलनकक्षात जातंय, तेव्हा हेड गॅसकेटची तपासणी करा आणि कूलंटच्या टाकीतली पातळी मार्क करून ठेवा. गडद तपकिरी, चिकट किंवा राखेचा थर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलमधला फॉस्फरस आणि झिंक तिथे साचतात. विटकरी-लालसर रंग बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीतल्या अ‍ॅडिटिव्हचा. सेन्सर कानाजवळ हलवून बघा, आत खडखडलं तर सिरॅमिक फुटलंय. तिन्ही सेन्सरांची टोकं एकसारखी आहेत की वेगवेगळी, यावरून मारेकरी एक आहे की दोन हे बऱ्यापैकी कळतं. माझा अंदाज दोनचा आहे. तो वर दिलेल्या कोडवरून केलेला अंदाजच आहे, तपासणी नाही.

इंजिन खरंच लीन असेल तर शोध ट्रिममधून लागतो, म्हणजे ईसीयूने इंधन किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं त्या आकड्यांतून. पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढं पुरे. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम दोन्ही मिळून साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत हवेत. आयडलला ते अधिक २० आणि २,५०० आरपीएमला अधिक ५ असतील तर इनटेकला कुठेतरी हवा ओढली जातेय. एखादी चिरलेली नळी किंवा सीएनजी नोझल बसवायला इनटेक मॅनिफोल्डला पाडलेली भोकं शोधा. उलट, आयडलला ठीक आणि कात्रजच्या चढाला वाढत जात असतील तर फ्यूएल पंप, फिल्टर. आणि हे आकडे पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळे लिहा. किटचं मॅपिंग (कधी किती गॅस सोडायचा याचं सेटिंग) चुकलं असेल तर गाडीचा ईसीयू सीएनजीवर चालताना चुकीचं शिकतो आणि पेट्रोलवर आल्यावर तेच लागू करतो. मग पेट्रोलवर काजळी धरते आणि सीएनजीवर लीनचा कोड येतो. दोन्हीकडच्या ट्रिममध्ये ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर मॅपिंग पुन्हा करून घ्या.

ई-२० पेट्रोलमुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) सेन्सर जातात, असं तुम्हाला कोणीतरी सांगितल्याचं लिहिलंय. ई-१० वरून ई-२० वर गेल्यावर इंजिनाला त्याच हवेसाठी साधारण ४ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून लाँग टर्म ट्रिम तेवढी वर सरकते. आधीच अधिक १५ वर असलेली गाडी त्यामुळे पी-०१७१ ला पोचू शकते. हीटर मात्र त्याने जळत नाही.

चार्जिंगही एकदा मोजा. हेडलाइट, एसी, पंखा सगळं चालू, इंजिन २,००० आरपीएमवर: बॅटरीवर १३.५ ते १४.७ व्होल्ट. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर हीटरसकट बरंच काही जाळेल. त्याच अवस्थेत बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.२ च्या वर असेल तर इंजिनाची अर्थिंग पट्टी काढून, घासून, पुन्हा आवळा. बारा वर्षांच्या गाडीत हे हमखास सापडतं.

हे सगळं झाल्यावर सेन्सर घ्यायचा. जुन्या मूळ सेन्सरवरचा किंवा गाडीच्या मॅन्युअलमधला पार्ट नंबर घेऊन जा. ‘हाच लागतो, कपलर जुळतं’ यावर घेऊ नका. कपलर जुळूनही हीटरचा रेझिस्टन्स वेगळा असतो आणि ईसीयू त्यावरच पी-०१३५ देतो. तुमच्या दुसऱ्या आणि चौथ्या वेळेचं हेही कारण असू शकतं. नाना पेठेत अस्सल मालही मिळतो आणि नक्कलही. मीटर खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच हीटरचा रेझिस्टन्स मोजून तुमच्या गाडीच्या आकड्याशी जुळवा. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. पाच वायरींचा एअर-फ्यूएल रेशो सेन्सर असेल तर वरचे व्होल्टेजचे आकडे त्याला लागू नाहीत. तुमचा चार वायरींचाच असावा, तरी मोजून खात्री करा.

बसवताना इंजिन कोमट हवं, कडक गरम किंवा पूर्ण गार नको. २२ मिलिमीटरचा खाच असलेला सॉकेट वापरा, पान्याने वायर पिळली जाते. बहुतेकांचा आटा एम १८ × १.५ असतो आणि ३५ ते ४५ न्यूटन-मीटर पुरतात. आट्याला कंपनीने लावलेला लेप असतो, वर काही फासायचं नाही, टोकाला बोट लावायचं नाही. वायर मूळ क्लिपमधून नेऊन सायलेन्सरपासून दूर बांधा. नंतर कोड पुसा, इंजिन पूर्ण तापवा आणि २,५०० आरपीएमवर धरून सिग्नल बघा: १० सेकंदांत ०.४५ ची रेषा निदान आठ वेळा ओलांडली गेली पाहिजे. ब्लूटूथ स्कॅनर इतक्या वेगाने वाचत नाही, त्यासाठी थेट वायरीवर मीटर किंवा ऑसिलोस्कोप लावायला सांगा.

सध्याचा सेन्सर अजून गाडीत आहे, त्यामुळे नवा घ्यायची घाई नाही. आधी एवढे आकडे काढा: गाडीतल्या आणि घरातल्या सेन्सरांच्या हीटरचा रेझिस्टन्स, २१ वॅटचा बल्ब कसा पेटला, पेट्रोलवरची आणि सीएनजीवरची ट्रिम, पीयूसीवरचा लॅम्डा आणि सीओ, आणि टोकांचे उन्हात काढलेले फोटो. किटच्या जोडण्यांचाही टेप काढून एक फोटो टाका. ते बघून कोणती वायर आधी सोडवायची ते नेमकं सांगतो.